सुप्याच्या माळावरची चौथी

जून १९७४

वेळ सकाळी पावणेअकराची. जागा पुणे जिल्ह्यातली, बारामती तालुक्यातली, सुप्याच्या अलीकडची एक वाडी. तुमचं वय नऊ पुरं, दहावं चालू. खाकी चड्डी, एकेकाळी पांढरा असलेला सदरा आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत कोपरा उडालेली पाटी, दोन वह्या आणि निम्म्या किमतीत घेतलेली पुस्तकं. ज्याची पुस्तकं घेतलीत तो पाचवीसाठी सुप्याला गेला. पहिल्या पानावरचं त्याचं नाव खोडून तुम्ही तुमचं घातलंय, पण त्यानं अफझलखानाला काढलेल्या मिशा काही खोडता आलेल्या नाहीत.

शाळा दोन खोल्यांची. वर मंगलोरी कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन. ओट्यावर टांगलेला रेल्वे रुळाचा तुकडा, तीच घंटा. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता: तिसरीची तोंडं खिडकीकडे, चौथीची फळ्याकडे. गुरुजी तिसरीला गणितं घालतात आणि तुमच्याकडे वळतात. तुमचा इतिहास सुरू झाला की तिसरीची निम्मी पोरं गणित टाकून मान वळवून ऐकत बसतात. गुरुजींना ते दिसतं. ते काही बोलत नाहीत.

बस्कर घरून आणायचं. प्रार्थना, प्रतिज्ञा, मग नखं आणि केस. नखं वाढलेली असली तर पट्टी बोटांवर, उभी. मधल्या सुट्टीत सुकडी मिळते. दुष्काळात ती शाळेत आली आणि दुष्काळ सरला तरी अजून येते. तुमच्या वर्गातल्या प्रत्येकानं दोन वर्षांपूर्वी मिलोची लाल भाकरी खाल्ली आहे, आणि प्रत्येकाची आई खडी फोडायला गेली आहे. हे कुणी कुणाला सांगत नाही. सगळ्यांनाच माहीत आहे.

पुस्तकं बालभारतीची. हे पाठ्यपुस्तक मंडळ १९६७ साली निघालं, म्हणजे तुमच्याहून थोडं लहानच. १९७० पासून चौथीच्या इतिहासात एकच विषय आहे: शिवछत्रपती. त्यात याच महिन्यात राज्याभिषेकाला तीनशे वर्षं पुरी झाली आहेत, त्यामुळे गुरुजींचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत आहे. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे आणि सुपे होतं, असं ते सांगतात. सुपे म्हटल्यावर सगळा वर्ग एकमेकांकडे बघतो. आपलं सुपं? जिथं बुधवारचा बाजार नाही तर दवाखाना एवढ्यासाठीच जायचं, ते? तेच, म्हणतात गुरुजी. तिथं महाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते होते, त्यांना महाराजांनी पकडलं आणि सुपं ताब्यात घेतलं. वर्गात एक मोहिते आहे. त्याला त्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणी खेळायला घेत नाही.

भूगोलात महाराष्ट्राचा नकाशा. जिल्हे सव्वीस. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, तेव्हा जपून. लातूर, जालना, सिंधुदुर्ग, गडचिरोली शोधू नका, त्या जिल्ह्यांचा अजून जन्म व्हायचाय. रायगड जिल्हाही नाही. रायगड किल्ला आहे, पण तो कुलाबा जिल्ह्यात. हात वर करून शहाणपणा केलात तर पट्टी ठरलेली.

ऑगस्ट

शाळेमागं उघड्यावर डालड्याचा रिकामा डबा चार दगडांत घट्ट बसवलाय. हे चौथीचं पर्जन्यमापक. ज्याची पाळी असेल त्यानं शाळा भरायच्या आधी आत पट्टी घालून पाणी मोजायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचं. पंधरा दिवसांत तक्त्यात जे शब्द सर्वांत जास्त वेळा येतात ते असे: 'ढगाळ. पाऊस नाही.'

आज तुमची पाळी. तुम्हीही तेच लिहिता आणि विचारता, गुर्जी, ढग तर रोज येत्यात, मग पाऊस कुठं जातो?

गुरुजी पुस्तक मिटतात आणि सगळ्यांना पटांगणात काढतात. तिसरीची दहा पोरं हातात हात घालून एका ओळीत उभी राहतात: हा सह्याद्री. ओळीच्या पश्चिमेला कोकण, पूर्वेला आपण. चौथीतल्या सगळ्यांत दांडग्या पोराच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या. तो ढग. त्यानं समुद्राकडून पळत यायचं आणि सह्याद्री ओलांडून सुप्याला पोचायचं. सह्याद्री अर्थातच त्याला सोडत नाही. धक्काबुक्की होते, तांब्या कलंडतो, कोकणातली दोन पोरं नखशिखान्त भिजतात. शेवटी ढग कसाबसा हातांखालून वाकून पलीकडे येतो. गुरुजी तांब्या घेतात आणि तुमच्या ओंजळीत उपडा करतात. घोटभर पाणी.

फळ्यावर ते एकच शब्द लिहितात: पर्जन्यछाया. तो शब्द पाठ करावा लागत नाही.

त्याच महिन्यात झाडं लावायची. लिंब, बाभूळ आणि एक चिंच. प्रत्येक झाडाला एक राखणदार. पाणी आडातून शेंदायचं आणि ते एका वेळी तांब्याभरच, कारण आड शाळेचा नाही, वाडीचा आहे. त्यातली किती जगणार, हे तुम्ही आत्ताच मोजू नका. शेळ्याही शाळेतच असतात.

नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास तोंडी दिला होता: किल्ला करा. दरसाल करता तसा नको. माची कुठं, बुरूज किती, दिंडी दरवाजा कुठं आणि पाण्याचं टाकं कुठं, हे बघणाऱ्याला दाखवता आलं पाहिजे. गुरुजी सुट्टीत सायकलवरून वस्त्यांवर फिरतात. अळीव पेरलेले, चुन्यानं रंगवलेले किल्ले बघतात आणि प्रत्येकाला एकच विचारतात, पाणी कुठाय? तुमच्या किल्ल्यावर मावळे सतरा आहेत, टाकं एकही नाही. किती दिवस लढतील हे? म्हणतात, आणि सायकलवर टांग मारून पुढच्या वस्तीकडे निघतात.

शाळा उघडल्यावर पहिल्याच शनिवारी सकाळच्या शाळेला दप्तराला सुट्टी. पाझर तलावावर जायचं. वाडीपासून चालत पाऊण तास. त्याच्या आदल्या दिवशी वर्गात तीन डबे आणलेले. तिन्हींना तळाला खिळ्यानं भोकं. एकात वाळू, एकात मुरूम, एकात काळी माती. तिन्हींत सारखंच पाणी ओतायचं आणि शंभर अंक म्हणायचे. वाळूतलं पाणी वीसच्या आतच खालच्या ताटलीत. मुरमातलं सावकाश येतं. काळी माती शंभर संपले तरी पाणी धरून बसलेली. आता सांगा, पाझर तलाव कुठल्या जमिनीवर बांधायचा? निम्मा वर्ग काळी म्हणतो, कारण ती पाणी धरते. गुरुजी मान हलवतात. हा तलाव पाणी धरायसाठी नाही, जिरवायसाठी आहे. उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी बांधावर उभं राहिल्यावर दिसतं. वरच्या अंगाला गढूळ पाणी, फार नाही. खालच्या अंगाला ओळीनं तीन विहिरी. गुरुजी एकेका विहिरीत दोरी सोडायला लावतात. बांधाजवळच्या विहिरीत पाणी वर आहे, तिसरीत खोल गेलंय. दोरीवरच्या गाठी मोजून वहीत मांडायचं. तलावातून विहिरीत पाट नाही, नळ नाही, तरी पाणी तिथं कसं? कालचा मुरमाचा डबा, कुणीतरी ओरडतं. बरोबर.

मग गुरुजी चुन्याच्या फक्कीनं सपाटीवर चौकोन आखतात, दहा फूट लांब, दहा फूट रुंद. इथं एक फूट उंचीची खडी भरली की एक ब्रास. पुस्तकात मीटर आहे, दुष्काळी कामावर ब्रासच चालायचा. चौकोनात सगळे मावतात का बघा. दोन इयत्ता मिळून सगळे मावता. गुरुजी विचारतात, ही खडी कुणी फोडली? आधी कुणी बोलत नाही. मग एक हात वर येतो, मग दुसरा, मग सगळे. माझ्या आईनं. माझ्या आईनं आणि चुलतीनं. आमची आजी बी होती. तुम्ही ज्या बांधावर उभे आहात, तो तुमच्या घरच्यांनी घातलाय, हे आजवर घरात कुणी असं सांगितलं नव्हतं. दुष्काळ म्हणजे घरात लाज होती. इथं तो भूगोलाचा धडा झाला आणि आई धड्यात आली.

परत येताना तलावातली चिकण माती फडक्यात बांधून आणायची. सोमवारी हस्तव्यवसायाच्या तासाला तिचे बैल. तुमच्या बैलाचं एक शिंग वाळताना तडकतं. चालेल, म्हणतात बाई, असे बैल बाजारात स्वस्त मिळतात.

जानेवारी १९७५

सहल. हा शब्द महिनाभर आधीपासून वाडीत फिरतोय. वर्गणी गोळा होते, ती पैशांत कमी आणि उधारीत जास्त. गुरुजी संध्याकाळी वस्त्यांवर फिरतात. पोरींच्या घरी बाईंना सोबत न्यावं लागतं, कारण पोरगी रात्री उशिरा परत येणार हे गुरुजींनी सांगून पटत नाही. दोन घरं तरीही नाहीच म्हणतात. तिसऱ्या घरी म्हातारी म्हणते, मी उभ्या जन्मात जेजुरीपल्याड गेले न्हाई, हिला तरी जाऊ द्या.

पहाटे चार. एस. टी. उभी. फडक्यात भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. मोरगावला गाडीतूनच गणपतीला हात जोडायचे. जेजुरीला अंधारात गडाच्या बाजूला बघून सगळी गाडी येळकोट करते. सासवडला उजाडतं. दिवे घाटात चौथी हरते: पहिल्या वळणाला दोघं, दुसऱ्याला चौघं, खिडक्यांतून माना बाहेर. बाई लिंबाच्या फोडी वाटतात. ज्यांना मळमळत नाही त्यांना खाली मस्तानी तलाव दिसतो.

पुणं मागं टाकून गाडी सिंहगडाच्या रस्त्याला लागते आणि खडकवासल्याशी डाव्या-उजव्या खिडक्यांची मारामारी सुरू होते. मग एकदम सगळे गप्प. पाणी. पलीकडचा काठ दूर, आणि मधे नुसतं पाणी. डालड्याच्या डब्यात पट्टी घालणारी पोरं आहात तुम्ही. गुरुजी सांगतात, १९६१ सालच्या जुलैमध्ये पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी इथं आलं, हेही धरण गेलं आणि निम्मं पुणं पाण्याखाली गेलं. पुन्हा बांधलं. धरण फुटतं हे ऐकून घाबरायचं सोडून एक पोरगं विचारतं, एवढं पानी वाया गेलं?

आतकरवाडीतून चढण. गुरुजींनी आठवडाभर आधी वाटण्या करून दिल्या आहेत: गडावर एकेका ठिकाणी चौथीतल्या एकानं तिसरीला माहिती सांगायची. एकाकडे पुणे दरवाजा, एकीकडे तानाजीची समाधी, एकाकडे राजाराम महाराजांची. तुमच्याकडे देवटाकं. पुणे दरवाजा म्हणजे एक दरवाजा नव्हे, एकामागं एक तीन. पहिला फोडला तरी पुढचा चढ, पुढचं वळण, पुन्हा दरवाजा. दम लागलेल्या तिसरीला ते समजावून सांगावं लागत नाही.

देवटाक्याशी तुमची पाळी येते. पाठ केलेलं एक वाक्य म्हणता आणि पुढचं विसरता. गुरुजी म्हणतात, राहू दे पुस्तक, हात घालून बघ. पाणी थंडगार. उन्हाळ्यात सुद्धा असतं, गडावर दही विकणारी बाई सांगते. मग तुम्ही स्वतःचंच सांगायला लागता: गडावर नदी नाही, पाणी वरून पडणारच, ते धरायला खडकात खोदायचं, आणि खोदलेला दगड... दगड कुठं गेला? गुरुजी तटाकडे बोट दाखवतात. टाकी खोदताना निघणारा दगड बांधकामाला वापरायचा ही किल्ल्यांची जुनी रीत. एका कामात दोन कामं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गड बांधायच्या आधी पाणी बघा, असं बजावलेलं आहे. तुम्हाला तुमचे सतरा मावळे आठवतात.

तानाजीच्या कड्यावर कुणी बोलत नाही, कारण बाईंनी प्रत्येकाची चड्डी नाही तर झगा मागून पकडलाय. खाली बघायचं आणि मागं यायचं. ४ फेब्रुवारी १६७०, रात्र, माघ वद्य नवमी. मावळ्यांना कड्यावर चढवणारी घोरपड खरी का, असं हमखास कुणीतरी विचारतंच. गुरुजी सांगतात, घोरपड पोवाड्यातली, कडा खरा. नुसता कडा बघून सांगा, घोरपडीशिवाय चढले असतील तर मोठे का घोरपडीनं चढवलं तर मोठे? वर्गाचं एकमत होत नाही. मोहिते म्हणतो, आपून उतरून बघू.

टिळकांचा बंगला चालता चालता बघायचा. दूरचित्रवाणीचा मनोरा मात्र मान मोडेपर्यंत बघायचा. मुंबईचं दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. तुमच्यातल्या कुणीही ते अजून पाहिलेलं नाही. हा खांब पुढं घराघरांत काय काय नेऊन सोडणार, ते तुम्हाला माहीत आहे. सांगू नका. मडक्यातलं दही खा.

गडाच्या कडेवरून खडकवासल्याचं पाणी पुन्हा दिसतं, आता सगळंच्या सगळं. जेजुरीपल्याड न गेलेल्या म्हातारीची नात बराच वेळ तिथं उभी आहे. ती विचारते, गुर्जी, हे पानी आपल्याकडं का येत न्हाई?

गुरुजी लगेच उत्तर देत नाहीत. म्हणतात, लिहून ठेव.

दुपारी पुणं घाईत. शनिवारवाडा बाहेरून आणि आतून. शाहिस्तेखानाची बोटं तुटली तो लाल महाल दाखवा असा हट्ट होतो, पण आज तिथं दिसतो तो लाल महाल अजून बांधायचाय. मग पेशवे पार्क, वाघ-सिंह, आणि फुलराणी. १९५६ पासून ही छोटी आगगाडी पुण्याच्या पोरांना फिरवते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी खरी आगगाडी पाहिलेली नाही, त्यामुळे तुमच्यासाठी हीच खरी. परतीच्या वाटेवर दिवे घाटात कुणाला ओकारी होत नाही. सगळे झोपलेले असतात.

दुसऱ्या दिवशी निबंध: आमची सहल. गुरुजींची एकच अट, पुस्तकात नाही असं काहीतरी लिहायचं. कुणी दहीवालीच्या पायांत चपला नव्हत्या असं लिहितं. कुणी लिहितं, वाघाला वास येतो. म्हातारीच्या नातीनं तो प्रश्न लिहिलाय. गुरुजी तो फळ्यावर उतरवून घेतात आणि तासभर त्यावरच बोलतात. खडकवासल्याचा कालवा हडपसरवरून दौंडच्या अंगाला जातो. पाणी उताराला धावतं, आणि आपण चढाला आहोत. ते वर आणायचं तर उपसावं लागेल. त्याला पंप लागतात, वीज लागते, पैसा लागतो, आणि मागणारी माणसं लागतात. यातलं पहिलं तुम्हाला शाळेत शिकवतील, म्हणतात, शेवटचं तुमचं तुम्ही शिका.

मे

शिष्यवृत्तीची परीक्षा तालुक्याला झाली. वार्षिक झाली. एप्रिलात एक दिवस चावडीवरच्या रेडिओनं सांगितलं की आर्यभट्ट नावाचा भारताचा पहिला उपग्रह अवकाशात गेला. १ मेला झेंडावंदन, मग निकाल. तुम्ही पास. पाचवीला आता रोज सुप्याला चालत. पोरींपैकी किती जणी जातील, ते गुरुजी पुन्हा वस्त्यांवर फिरल्यावर कळेल. पुस्तकं निम्म्या किमतीत खाली द्यायची. मिशा तशाच राहू द्या.

आता परत या.

या वर्गाकडे काय नव्हतं याची यादी लांबलचक होईल. प्रयोगशाळा नव्हती, तक्ते धड नव्हते, आख्ख्या इयत्तेला स्वतःची खोली नव्हती. तरी एका वर्षात या मुलांनी पाऊस मोजला, पाणी जिरताना पाहिलं, आईच्या कामाचं माप काढलं आणि किल्ला पाण्यावाचून उभा राहत नाही हे टाक्यात हात घालून समजून घेतलं. त्यातल्या कशालाच फारसा पैसा लागला नाही. लागले ते तीन फुटके डबे, एक तांब्या आणि पुस्तक मिटायची तयारी असलेला शिक्षक. सहल त्या वर्षाचा शेवटचा धडा होती, म्हणून ती फळली. आधी डबा आणि बांध झाला नसता, तर खडकवासलं नुसतं छान दिसलं असतं.

आज चौथीची सहल बहुतेक वेळा पाण्याच्या घसरगुंड्यांवर जाते. मुलं मजा करतात, करू द्यावी. पण वर्षात एक दिवस त्यांना आपल्या नळाचं पाणी येतं कुठून, ते चालत नेऊन दाखवा. आधी वर्गात चार दिवस त्याची तयारी करा, आणि तिथं गेल्यावर उत्तरं देण्याची घाई करू नका.

सुप्याच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर पुढं मिळालं. खडकवासल्याच्या कालव्यातून वरवंड आणि शिर्सुफळच्या तलावांत आलेलं पाणी उपसून या जिरायती पट्ट्याला देणारी जनाई-शिरसाई योजना झाली. ते पाणी वेळेवर आणि पुरेसं मिळावं म्हणून तिथले शेतकरी अजूनही मागणी लावून धरतात.